विधवेची चूल

जून-जुलैंत मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर ओढल्या कीं, मासळी विकून पोट भरणाऱ्या एकट्या बाईची चूल मंदावते. आपण तिला पायलीभर तांदूळ देतों. तें पुण्य खरें, परंतु पुढील आषाढांत ती पुन्हां दारीं उभी! बवाजानें रूथसाठीं सातूचीं कणसें मुद्दाम सोडविलीं, वेंचलीं मात्र तिनें स्वतः. आपल्या वेंगुर्ल्यास स्वामिनी बचत गटाच्या स्त्रियांनीं २०१७ सालीं पर्यटकांस मांडवी खाडींतील कांदळवन दाखविण्यासाठीं वल्हीं हातीं घेतलीं. वल्हें जिच्या हातीं, मजुरीहि तिच्याच हातीं. मला तें अधिक मोलाचें वाटतें. पावसांत सुक्या मासळीस भाव येतो. पण ती उन्हाळ्यांतच घेऊन ठेवावी लागते. म्हणून ज्युबिलीच्या रोषणाईंतून कांहीं वगळून आपल्या विधवा भगिनींस एप्रिलांतच बिनव्याजी भांडवल द्यावें. परतफेड नारळी पौर्णिमेनंतर घेऊं.