गाळ येतो वरून



बंगालने मराठी माणूस प्रथम पाहिला तो लूट करणारा बर्गी म्हणून. पावणेतीनशे वर्षांनंतर आपण कोलकात्यात माती वाचवायला आलो आहोत, एवढे आमच्या बंगाली मित्रांनी कृपया नोंदवून घ्यावे.

परिषद इथेच का, असे काहींनी विचारले. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने या शहराची रेल्वेवाहतूक खंडित झाली. त्यानंतर ३ जानेवारी १९४५ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी इथेच बैठक घेतली. पुढे १९४८च्या कायद्याने दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन स्थापन झाले. पूरनियंत्रण, सिंचन आणि विजेबरोबरच वनीकरण व जमिनीची धूप रोखणे हेही त्या कायद्याने त्याच्यावर सोपवले. धरण बांधण्याआधी मातीचा विचार करणारा असा कायदा त्या काळी आपल्याकडे विरळाच.

तरीही १९५७चे मैथन आणि १९५९चे पंचेत या धरणांत गाळ अंदाजापेक्षा फार वेगाने साचला. छोटा नागपूरचे उघडे माळ, तुटलेली जंगले, कोळशाच्या खाणी आणि चार महिन्यांत कोसळणारा पाऊस पाहिला, तर यात नवल नाही. गाळ तळाच्या मृत साठ्यात जाऊन निमूट बसतो, हा समज मात्र आपण सोडला पाहिजे. नदी जलाशयाला मिळते तिथे तिचा वेग मंदावतो आणि जाड वाळू तिथेच पडते, म्हणजे ती उपयुक्त साठ्याचीच जागा खाते. पुराचे पाणी धरून ठेवायची ताकद त्यानेच घटते, आणि मग खालच्या हुगळी-हावडा जिल्ह्यांत पाणी घुसते.

गाळ उपसायचे ठेके निघतात, त्यांची उद्घाटनेही होतात. माळावरच्या समतल चराची फीत कापायला कुणी येत नाही. हे महाराष्ट्रालाही लागू आहे; जायकवाडीच्या गाळावर आपण बोलतो तेवढे तिच्या वरच्या नाल्यांवर बोलत नाही. शिवाय दामोदरच्या वरच्या भागात बांध घालायचा झारखंडच्या शेतकऱ्याने आणि पुरापासून सुटका व्हायची बंगालची! त्या बांधाची मजुरी कुणी द्यायची, हा प्रश्न या परिषदेने टाळू नये, अशी माझी विनंती आहे.

म्हणूनच पहिले सत्र झारखंडमधल्या हजारीबागच्या शेतकऱ्यांचे ठेवले आहे. तज्ज्ञांनी त्यानंतर बोलावे, आणि थोडक्यात. दुपारच्या पंगतीत मासे आहेत. न खाणाऱ्यांची पंगत उजव्या दालनात मांडली आहे.