पुन्हा आलेला शक्तिमान
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर बोलायला उभे राहायचे आणि विषय काय, तर दूरदर्शनवरचा शक्तिमान. विषय कळवला तेव्हा चिटणीसकाकांनी फोनवर एवढेच विचारले, ‘मुलांसाठी आहे का?’ नाही, मोठ्यांसाठीच आहे. मुलांना तो आवडत नाही, हेच तर आजचे बोलणे आहे.

आमच्यापैकी एकाचे बालपण पेडण्यात गेले, दुसरीचे डिचोलीत. लग्न ठरवताना पत्रिका, शिक्षण, नोकरी सगळे पाहून झाले. पण आमचे जमणार हे कळले ते वेगळ्याच गोष्टीवरून. ‘पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री’ हे नाव दोघांनाही एका दमात म्हणता येत होते. सभागृहात पस्तिशी ओलांडलेले जे आत्ता हसले, त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

‘शक्तिमान’ दूरदर्शनवर 13 सप्टेंबर 1997 रोजी सुरू झाली आणि मार्च 2005 पर्यंत चालली. आधी शनिवारी लागायची, पुढे रविवारी दुपारी बारा वाजता. मुकेश खन्ना हे नायकही आणि निर्मातेही. दिनकर जानी यांचे दिग्दर्शन. वर्तमानपत्राच्या कचेरीतला चष्मेवाला, दात पुढे आलेला बावळट गंगाधर हाच शक्तिमान, आणि हे गीता विश्वास सोडून सगळ्या देशाला ठाऊक! अंधाराचा सम्राट तमराज किल्विष, प्रयोगशाळेतला डॉक्टर जैकाल. आता ही विज्ञानकथा म्हणायची का, यावर वाद घालता येईल. एकीकडे कुंडलिनी जागृत करून मिळवलेली शक्ती, दुसरीकडे काचेच्या नळ्यांतून धूर काढणारा शास्त्रज्ञ. खरी विज्ञानकथा हवी असेल तर त्याआधी 1989 मध्ये ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ होत्या, 1998 मध्ये मिलिंद सोमणचा ‘कॅप्टन व्योम’ आला. आणि त्याच्याही आधी रविवारी सकाळी इंग्रजी ‘स्टार ट्रेक’ लागायची. आमच्या काकांना तिचा एक शब्द कळत नसे, पण ते आंघोळ करून बसत. पण घरात राहिला तो शक्तिमानच. चार वर्षांच्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळेल असे त्यात होते, आणि शेवटी तो मुलांना समोर बसवून दात घासा, खोटे बोलू नका असे सांगायचा, म्हणून आयांचाही त्याला पाठिंबा.

रविवारी बारा ही वेळ आमच्याकडे किती अडचणीची, हे इथल्या बायकांना सांगायला नको. चुलीवर हुमण, कोणी बांगडे साफ करतेय, आणि टीव्ही असलेल्या घरात शेजारची पंधरा पोरे. वीज गेली की ती सगळी पोरे एका सुरात ओरडायची. डिचोलीत खनिजाचे ट्रक रस्त्यावरून जायचे, तांबडी धूळ खिडकीतून आत यायची, आणि बाबा म्हणायचे, खिडकी लावा, नाहीतर शक्तिमानचाही अंगरखा डिचोलीसारखा होईल. त्याचा आधीच तांबडा होता.

आता मुद्द्यावर येऊ. मार्च 2020. टाळेबंदी लागली. 28 मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले, आणि एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता ‘शक्तिमान’ आला. त्या दिवसांत पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांचे काय झाले होते, ते आठवा. पत्रादेवीचा नाका बंद. दोडामार्गचा नाका बंद. आपल्यासाठी ती काही परराज्याची सीमा नव्हती, ती घराची मधली भिंत होती. सकाळी दोडामार्गहून निघून डिचोलीत कामाला येणारी माणसे, सातार्डे-आरोंद्याकडे दिलेल्या लेकी, पेडण्यातून बांद्याला जाणारे भाचे. आमची आत्या दोडामार्गला. एरवी तिच्याकडे जायला अर्धा तास लागतो. त्या चैत्रात ती लंडनइतकी लांब होती. जत्रा भरल्या नाहीत, काले झाले नाहीत, कुणाच्या मातीलाही जाता आले नाही.

आत्येचा दुपारी एकला फोन यायचा. ‘लागलं काय रे?’ फोन स्पीकरवर ठेवून ती तिथे बघायची, आम्ही इथे. बोलणे फारसे नसायचेच. तिच्या टीव्हीचा आवाज आमच्याकडे जरा उशिरा यायचा, म्हणून गंगाधर प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचा. मध्येच ती विचारायची, भाजी काय केलीस. तेवढे अर्धा-पाऊण तास नाका उघडा असायचा.

आमचा सात वर्षांचा भाचा त्यावेळी घरात अडकलेला. त्याला आम्ही मोठ्या कौतुकाने समोर बसवले. पहिल्या दिवशी शक्तिमान गरगर फिरत आकाशात गेला आणि पोराने विचारले, ‘हा वायरवर लटकलाय ना?’ दुसऱ्या दिवशी शीर्षकगीत चालू असताना म्हणाला, ‘स्किप कुठंय?’ तिसऱ्या दिवशी आलाच नाही. आमच्या आईने त्याला नाही, आम्हालाच झापले. ‘तुमच्या आवडीचं त्याच्या घशात कशाला घालता?’

तशा प्रतिक्रिया घरोघरी होत्या. आमच्या वयाचे लोक हळवे झाले, पोरे हसली, आणि वडीलधाऱ्यांनी आवाज कमी करायला सांगितला. पण आमच्या वयाच्या लोकांतही एक गंमत दिसली. ज्यांना लहानपणी तो फार आवडायचा, तेच आता सर्वांत कडक परीक्षक झाले होते. हा भाग आधी असा नव्हता, कापलाय. गीता विश्वासचे काम आधी किटू गिडवानी करायची, मग वैष्णवी महंत आली, ती बदलायला नको होती. आवडत नाही म्हणायचे आणि एकही भाग चुकवायचा नाही.

हीच माणसे पुढच्या प्रत्येक पुनरागमनाला हजर होती. त्याआधी 2013 मध्ये पोगो वाहिनीवर शक्तिमानचा एक चित्रपट येऊन गेला होता, तो फारसा कुणाच्या लक्षात नाही. 2022 च्या फेब्रुवारीत सोनी पिक्चर्सने मोठ्या पडद्यावरच्या शक्तिमानची घोषणा केली आणि लगेच वाद सुरू झाला, तो कोण करणार? नोव्हेंबर 2024 मध्ये खुद्द मुकेश खन्ना त्याच पोशाखात पुन्हा समोर आले. त्यावर लोक काय बोलले, ते आपण ऐकलेच असेल. काहींच्या डोळ्यांत पाणी आले, काहींनी वयावरून टिंगल केली. आम्हाला ती टिंगल आवडली नाही. पण ज्यांनी नवा तरुण नट नकोच म्हणून हट्ट धरला, त्यांचेही पटले नाही. साठी ओलांडलेल्या माणसाने उडावे अशीही अपेक्षा, आणि दुसऱ्या कुणी उडू नये अशीही.

हा हट्ट आपल्याला तरी शोभत नाही. कारण आपण दशावतार बघणारे लोक आहोत.

विचार करा. आजगावकर, मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर. किती कंपन्यांचा अभिमन्यू आपण पाहिला? नट बदलला म्हणून अभिमन्यू बदलला, असे कुणी म्हणाले? उलट पहाटेपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी नाक्यावर चर्चा, की कलिंगणांचा राजा असा चालायचा, अमक्याची स्त्रीपार्टी अशी होती, काल रात्रीचा त्या मानाने कच्चा. लिहिलेली संहिता नाही. आख्यान संध्याकाळी ठरते, कामे वाटली जातात, आणि नट रंगमंचावर बाकड्यापुढे उभा राहून स्वतःची भाषा स्वतः रचतो. म्हणून तुलना करायची ती नटाची, कथेची नव्हे. जगभरच्या रसिकांना आज जे शिकावे लागते, ते आपल्या पणजोबांना देवळाच्या प्रांगणात चटईवर बसून येत होते.

अर्थात आपल्याकडेही भांडणे आहेत. ट्रिकसीनयुक्त दशावतार आला तेव्हा किती बोलणी झाली! धूर, रंगीत झोत, फणा काढून पुढे येणारा नाग, झाड फोडून बाहेर पडणारा राक्षस. जुने म्हणाले, हा दशावतार नव्हे, सर्कस आहे. आणि गर्दी कुणाला? ट्रिकसीनला. आमचे मत विचाराल तर ट्रिकसीनचा राग आम्हाला येत नाही, पोरे त्याच्यामुळे येऊन बसतात. खंत आहे ती आडदशावताराची. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग तो संकासुर. हा सुरुवातीचा भाग आता बहुतेक ठिकाणी आवरता घेतात, कारण प्रेक्षकाला लवकर आख्यान हवे असते. भाच्याचे ‘स्किप कुठंय’ आठवले का? ते बटण आपण मोठ्यांनी त्याच्या आधीच दाबलेले आहे.

आता एक लांबचे उदाहरण. आपल्या घरांतली बरीच मुले आज इंग्लंडात आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. तिथे बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ नावाची विज्ञानकथेची मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. काळातून प्रवास करणारा एक डॉक्टर, निळ्या पोलीस पेटीतून फिरणारा. तीन वर्षांत मूळ नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली. मालिका बंद करायची की काय? त्यांनी युक्ती काढली. डॉक्टर मरत नाही, नवे शरीर धारण करतो. 1966 मध्ये पॅट्रिक ट्रॉटन त्याच डॉक्टरच्या भूमिकेत उभे राहिले. इंग्रज प्रेक्षक चक्रावला. आपल्या पेडण्यातल्या कुणालाही हे एका शब्दात समजले असते, अवतार. पुढे 1989 मध्ये मालिका थांबली, 2005 मध्ये पुन्हा आली, आणि आणणारे रसेल टी. डेव्हिस हे स्वतःच लहानपणापासूनचे तिचे वेडे. 2018 मध्ये डॉक्टरचे काम पहिल्यांदा एका स्त्रीने केले तेव्हा तिथेही मोठी खळखळ झाली. पुरुषाने स्त्रीपार्टी करणे ज्या रंगमंचावर शतकानुशतके चालत आले, तिथल्या लोकांनी यावर हसावे की काय करावे, कळत नाही.

पण ‘डॉक्टर हू’ची गोष्ट सांगायचे खरे कारण वेगळे आहे. साठच्या दशकातले तिचे अनेक भाग बीबीसीने पुसून टाकले. टेप महाग, जागा कमी, पुन्हा कोण बघणार, असा हिशेब. त्यातले नव्वदहून अधिक भाग कित्येक दशके कुणाला सापडले नाहीत. काही परदेशांतल्या केंद्रांवर मिळाले. 2013 मध्ये नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरात मिळाल्याचे जाहीर झाले. मात्र चित्र गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. कसा? त्या काळी काही शाळकरी मुलांनी आणि तरुणांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता. नंतर त्या आवाजावर नवी चित्रे रेखाटून बीबीसीने त्यातले काही भाग पुन्हा प्रेक्षकांसमोर आणले. ज्यांनी बनवले त्यांनी पुसले, आणि ज्यांनी फक्त ऐकले त्यांनी राखले.

आणि इथे आम्हाला आमच्या आजोबांचा पॅनासॉनिक आठवतो. गल्फमधून मामांनी आणलेला. पेडण्यातल्या देवळात काला असला की आजोबा तो उपरण्यात गुंडाळून घेऊन जायचे आणि पेटीवाल्याच्या जवळ ठेवायचे. अर्धे आख्यान झाले की कॅसेट उलटायची. आजोबा गेले, कॅसेटी बिस्किटाच्या डब्यात राहिल्या. टाळेबंदीत करायला काही नव्हते म्हणून त्यातली एक लावली. आधी खरखर, मग मृदंग, मग कुणीतरी खोकले, आणि मग एका नटाचे स्वगत, चांगले दहा-बारा मिनिटांचे. त्या नटाचे नाव आम्हाला लावता आले नाही. ते बोलणे त्या रात्री त्या माणसाने रचले होते. कुठल्याही पुस्तकात ते नाही, पुढच्या रात्री त्याने स्वतःही तसे म्हटले नसेल. मागे प्रेक्षकांचे हसणे ऐकू येते, त्यात आजोबांचेही आहे. फोनवर आत्येने ते ओळखले. त्या दिवशी एक वाजून गेला तरी तिने टीव्ही लावला नाही.

शक्तिमानचे भाग जपलेले आहेत, ते कधीही पुन्हा लागतील. आपल्या काल्यांचे, भजनांचे, चवथीच्या रात्रीच्या घुमट आरत्यांचे तसे नाही. त्यांचा साठा असलाच तर तो या सभागृहातल्या माणसांच्या माळ्यावर आहे.

म्हणून मंडळाच्या परवानगीने एक सांगतो. 1980 आणि 1990 च्या दशकांत ज्यांच्या घरी असा टेपरेकॉर्डर किंवा व्हीएचएसवर लग्नाबरोबर नाटकही टिपणारा कुणी हौशी होता, त्यांनी या दिवाळीच्या सफाईत डबे फेकण्याआधी उघडून बघावेत. आपल्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर कॅसेट घाईने यंत्रात घालू नका, फीत तुटते आणि यंत्रही बिघडते. कोरड्या जागी ठेवा, चुंबकापासून आणि स्पीकरपासून दूर. बरी दिसत असेल तर आधी पेन्सिलने हाताने सैल करून घ्या. कॅसेटवर काही लिहिलेले असेल, गाव, देऊळ, कंपनीचे नाव, साल, तर ते खोडू नका. लिहिलेले नसेल तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला आजच विचारून चिठ्ठी आत ठेवा. आवाज उतरवून घ्यायचे यंत्र आमच्याकडे आहे. मूळ कॅसेट तुमची तुम्हाला परत मिळेल. चतुर्दशीपर्यंत आम्ही दोघे संध्याकाळी आरतीनंतर इथेच मंडपात बसलेले असू.