धर्मशिक्षण : संमती कुणाची?

(पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात एक चार वर्षांची मुलगी प्राथमिक शाळेत जाऊ लागली. काही काळाने ती घरी घास घेण्यापूर्वी प्रभूचे आभार मानणारी प्रार्थना म्हणू लागली. जग देवाने निर्माण केले, असेही ती सांगू लागली. आई-वडील कोणताच धर्म न मानणारे. मुलीला धर्मांची माहिती मिळावी, याला त्यांचा विरोध नव्हता. पण एकच धर्म अंतिम सत्य म्हणून तिच्या मनावर बिंबवला जातो आहे, असे त्यांना वाटले. शाळेला विचारले, तेव्हा धर्मशिक्षण बायबलवर आधारलेले असल्याचे उत्तर मिळाले. ते खरेच होते. ही शाळा चर्चच्या मालकीची नव्हती, परंतु तिला लागू असलेला धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम तेथील चार प्रमुख ख्रिस्ती पंथांनी मिळून तयार केला होता आणि प्राथमिक वर्गांसाठी त्यात ख्रिस्ती धर्माखेरीज दुसरा धर्म नव्हता.

प्रकरण न्यायालयात गेले. २०२२ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने पालकांची बाजू उचलून धरली, पुढे अपील झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निर्णय पालकांच्याच बाजूने दिला. या साऱ्या प्रकरणात हिंदू कुठेही नाही. तरीही मुले ख्रिस्ती शाळेत घालणाऱ्या प्रत्येक हिंदू कुटुंबाने त्याचा अभ्यास करावा, असे त्यात बरेच काही आहे.

त्यासाठी आधी इंग्लंडकडे वळले पाहिजे. तेथे सरकारच्या कितीतरी आधी चर्चने शाळा काढल्या. गरिबांच्या मुलांना चर्चच्या तत्त्वांनुसार शिक्षण देण्यासाठी ‘नॅशनल सोसायटी’ १८११ मध्ये स्थापन झाली. सरकारचा प्राथमिक शिक्षणाचा मोठा कायदा आला तो १८७० मध्ये. ही साठ वर्षांची आघाडी चर्चने कधी सोडली नाही. आजही इंग्लंडच्या चर्चच्या सुमारे ४६०० शाळा असून त्यांत जवळपास १० लाख मुले शिकतात. प्राथमिक शाळांपैकी साधारण चौथा हिस्सा या एका चर्चचा. कॅथलिक शाळा वेगळ्या. चालू खर्च सरकार देते. यांतील ‘साहाय्यित’ वर्गातील शाळांनी इमारतीच्या खर्चाचा साधारण १० टक्के वाटा उचलायचा आणि त्या बदल्यात धर्मशिक्षण आपल्या पंथानुसार द्यायचे, अशी व्यवस्था आहे. त्या शिक्षणाची तपासणीही सरकारी निरीक्षक करीत नाहीत, ती पंथाच्या व्यवस्थेकडे असते.

प्रत्यक्ष वर्गात काय चालते? काही शाळांत ‘गॉडली प्ले’ नावाची पद्धत वापरतात. मुले जमिनीवर गोलाकार बसतात. शिक्षिकाही खालीच बसते. तिच्यापुढे एक सोनेरी डबा. त्यातून हिरवे कापड निघते, ते झाले कुरण. निळा तुकडा म्हणजे पाणी. मग मेंढ्या येतात, मेंढपाळ येतो, लांडगा येतो. गोष्ट सांगताना शिक्षिकेची नजर मुलांकडे नसते, त्या वस्तूंवर खिळलेली असते. त्यामुळे मुलांचे डोळेही तेथेच स्थिरावतात. शेवटी ती तात्पर्य सांगत नाही, नुसते नवल करते : या मेंढ्यांना नावे असतील का? हे ठिकाण खरे कुठे असेल? अमेरिकन धर्मोपदेशक जेरोम बेरीमन यांनी घडवलेल्या या पद्धतीचे मूळ मारिया माँटेसरींच्या विचारांत आहे. ज्या महाराष्ट्राने ताराबाई मोडकांचे बोर्डी आणि कोसबाडचे काम पाहिले, त्याला या पद्धतीचे सामर्थ्य वेगळे सांगायला नको. पाच वर्षांच्या मुलाच्या मनात गोष्ट कशी उतरवावी, याचा एवढा विचार आपल्या किती बालसंस्कार वर्गांतून होतो?

मोठ्या मुलांसाठी २०१६ पासून ‘अंडरस्टँडिंग ख्रिश्चॅनिटी’ हा पाठसंच आहे. सृष्टी, पतन, अवतरण, मुक्ती अशा आठ संकल्पनांभोवती तो रचलेला असून त्याच संकल्पना वयानुसार पुन्हा पुन्हा येत राहतात. एकूण अध्यापनाच्या किमान ५ टक्के वेळ धर्मशिक्षणाला द्यावा, असा चर्चचा दंडक आहे. कॅथलिक शाळांत तो १० टक्के आहे. यात लपवाछपवी नाही. शाळेच्या नावातच संताचे नाव असते आणि शिस्त चांगली म्हणून अनेक हिंदू पालक हौसेने तेथे प्रवेश घेतात. त्याबद्दल चर्चला दोष देता येणार नाही.

या शाळांत इतर धर्मही शिकवतात, हिंदू धर्मही. पूजेच्या तबकातील घंटा, निरांजन, कुंकू वर्गात फिरते, दिवाळीत मातीच्या पणत्या रंगवल्या जातात. वॉरिक विद्यापीठाचे रॉबर्ट जॅक्सन आणि एलिनॉर नेसबिट यांनी कॉव्हेंट्रीतील हिंदू मुलांचा घरोघर जाऊन अभ्यास केला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने दाखवले, की पुस्तकातला ठोकळेबाज ‘हिंदुइझम’ आणि मूल घरात जगते तो धर्म यांत पुष्कळ अंतर असते. घरात कुलाचार असतो, आजीचा उपवास असतो. पुस्तकात तीन देवांची एक आकृती. हे अंतर कमी करण्याची सोयही कायद्यात आहे. १९८८ च्या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला धर्मशिक्षणासाठी स्थायी सल्लागार समिती नेमावी लागते आणि तिच्यावर त्या भागातील प्रमुख धर्मांचे प्रतिनिधी असतात. चर्चशी संलग्न, पण ‘नियंत्रित’ वर्गातील शाळांतही सामान्यतः स्थानिक संमत अभ्यासक्रमच शिकवतात. समितीतील हिंदू प्रतिनिधीची खुर्ची रिकामी राहिली, तर त्या आकृतीबद्दल तक्रार कुणाकडे करायची?

आता मूळ प्रश्न. पालकाला शाळेतील धर्म नको असेल तर? इंग्लंडचा कायदा सांगतो, की पालक आपल्या पाल्याला धर्मशिक्षणातून आणि प्रार्थनासभेतून पूर्णतः किंवा अंशतः काढून घेऊ शकतो, आणि त्याला कारण देण्याचे बंधन नाही. १८७० च्या कायद्यातही अशी तरतूद होती. कागदावर ती उदार दिसते. पण सहा वर्षांच्या मुलाच्या जागी उभे राहून पाहा. सगळा वर्ग सभागृहाकडे निघाला आहे, जिवलग मैत्रीण त्यात आहे, आणि हे एकटे पोर दुसऱ्या खोलीत चित्र रंगवत बसले आहे. उद्या मुले विचारणार, तू का नाही येत? बेलफास्टच्या प्रकरणात शाळेच्या बाजूने हाच मुद्दा मांडला गेला, की दार उघडे होते, पालकांनी मुलीला काढून घ्यायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. असा मार्ग पालकांवर अवाजवी भार टाकतो आणि मुलावर वेगळेपणाचा शिक्का बसण्याचा धोका निर्माण करतो, असे न्यायालयाचे म्हणणे. निकाल उत्तर आयर्लंडमधील त्या प्रकारच्या शाळांपुरता आहे, चर्चच्या स्वतःच्या शाळांना तो थेट लागू होत नाही. विचार मात्र दूरवर जाणारा आहे.

आणि येथेच भारतीय राज्यघटनेचे कलम २८ उठून दिसते. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यावर चर्चा झाली, तेव्हा त्याचा क्रमांक २२ होता. संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण नको, याचे समर्थन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. सर्वांच्या करातून उभा राहिलेला पैसा एका धर्माच्या शिकवणीवर कसा खर्चायचा, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक धागा होता. पण पालकांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते या कलमाचे तिसरे पोटकलम. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेतील कोणत्याही विद्यार्थ्याला तेथील धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येणार नाही. तो अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी.

फरक ध्यानात घ्या. इंग्लंडमध्ये पालकाने उठून ‘नको’ म्हणायचे असते. भारतात शाळेने आधी ‘चालेल का?’ विचारायचे असते. तेथे पालक गप्प राहिला तर तो होकार. येथे त्याच्या मौनाला होकार मानता येत नाही. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा अधिकार कलम ३० ने दिला आहे आणि तो त्यांनी जरूर वापरावा. मिशनऱ्यांच्या शाळांनी या देशात जे अध्यापन केले, तेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु मान्यताप्राप्त कॉन्व्हेंट शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेत हिंदू मूल उभे राहते, तेव्हा त्या प्रार्थनेसाठी त्याच्या घरून संमती घेतली होती का, हा प्रश्न विचारण्यात असहिष्णुता नाही. मुख्याध्यापिकेच्या खोलीत शांतपणे बसून तो विचारता येतो. बहुतेक पालक प्रवेशाच्या धांदलीत अर्जावर जेथे फुली असेल तेथे सही करतात आणि वर्षभराने लेकराच्या तोंडून प्रार्थना ऐकून दचकतात.

हाच मापदंड स्वतःलाही लावावा लागतो. २००८ मध्ये लंडनच्या हॅरो भागात ‘कृष्ण अवंती’ ही इंग्लंडमधील पहिली सरकारी निधीवरील हिंदू शाळा सुरू झाली, ती चर्चच्या शाळांना असलेल्या कायद्याच्याच आधारावर. तेथे एखाद्या ख्रिस्ती पालकाने मुलाला पूजेतून वगळण्यास सांगितले, तर शाळेला ते मान्य करावेच लागते. महाराष्ट्रात हिंदू संस्था चालवीत असलेल्या अनुदानित शाळांची संख्या मोठी आहे. त्यांत मुसलमान मुले आहेत, ख्रिस्ती मुले आहेत. सरस्वतीपूजनाला, गणपतीच्या आरतीला तीही रांगेत उभी असतात. तिसरे पोटकलम तेथेही तितकेच लागू आहे. आज या सभागृहात अशा शाळांचे काही संस्थाचालक बसले आहेत. उद्या कार्यालयात गेल्यावर त्यांनी प्रवेशाची फाइल काढावी आणि त्या मुलांच्या पालकांची संमतिपत्रे तिच्यात आहेत का, हे पाहावे.