रुळाखालची ठासणी
(रायपूर येथील शंकर नगरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंकर नगरातील श्रोत्यांपुढे लोहमार्गाविषयी बोलताना आरंभासाठी मला दूर जावे लागत नाही. 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून धावणारी धमतरीची छोटी गाडी शंभराहून अधिक वर्षे याच वस्तीच्या कडेने जात असे. आज तेथे द्रुतगती रस्ता आहे. ते रूळ उचलले जाताना ज्यांनी पाहिले असतील त्यांच्या ध्यानात आले असेल की, लोहमार्ग जमिनीत रोवलेला नसतो, तो खडीवर टेकलेला असतो. माझ्या आजच्या विषयाचे बीज एवढ्याच गोष्टीत आहे.

रूळ स्लीपरवर, स्लीपर खडीवर आणि खडी मातीच्या भरावावर, अशी ही रचना असते. गाडीचा भार या थरांतून खाली पसरत जातो. प्रत्येक गाडीगणिक खडी किंचित हलते, तिच्या कडा झिजतात, भुकटी साचते आणि पाण्याचा निचरा मंदावतो. मग रूळ कोठे खचतो, तर कोठे बाजूस सरकतो. पूर्वी हा दोष गँगमनांच्या टोळ्या दूर करीत. जॅकने रूळ उचलावयाचा आणि ‘बीटर’ नावाच्या, बोथट टोकाच्या कुदळीसारख्या हत्याराने खडी स्लीपरखाली ठोकून बसवावयाची, हा त्यांचा उन्हापावसातला नित्यक्रम होता.

हे काम यंत्राकडून करवून घेण्याचे प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात झपाट्याने पुढे गेले. स्वित्झर्लंडमधील मातिसा कंपनी 1945 साली निघाली. ऑस्ट्रियात फ्रांझ प्लासर आणि योझेफ थॉयरर यांनी 1953 साली आपली कंपनी स्थापन केली. तिची भारतातील कंपनी 1965 साली अस्तित्वात आली आणि फरिदाबादच्या कारखान्यात ही यंत्रे तयार होऊ लागली. यंत्र स्वतःच रुळांवरून चालते. ते रूळ स्लीपरांसह उचलून योग्य पातळीत व रेषेत धरते. मग पोलादी दांड्यांच्या जोड्या स्लीपरच्या दोन्ही अंगांनी खडीत शिरतात, सेकंदास सुमारे 35 वेळा थरथरत एकमेकींकडे सरकतात आणि खडी स्लीपरखाली दाबून बसवितात.

आपल्याकडे हे यंत्र अटळ झाले ते काँक्रीटच्या स्लीपरमुळे. रुंद मार्गावरचा असा एक स्लीपर अडीचशे किलोग्रॅमहून जड असतो आणि मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारणपणे 1660 स्लीपर बसतात. त्यांच्याखाली बीटरने केलेले काम टिकत नाही. रायपूरवरून जाणाऱ्या हावडा-मुंबई मार्गावर कोळशाच्या मालगाड्यांची रीघ असते. शेजारच्या भिलाईत 1960 पासून रूळ तयार होत आले आहेत. ते कितीही उत्तम असले, तरी त्यांखालची खडी पोकळ राहिली तर त्यांचा उपयोग मर्यादितच.

परंतु यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. ठासणीसाठी मार्ग काही काळ गाड्यांना बंद ठेवावा लागतो. रेल्वेत यास ‘ब्लॉक’ म्हणतात. जेथे गाड्या अधिक, तेथे झीज अधिक, म्हणून ब्लॉकची गरजही अधिक. आणि नेमक्या त्याच ठिकाणी ब्लॉक मिळणे सर्वांत अवघड. यंत्र पैशाने मिळते, वेळ मात्र वाहतुकीतून काढून द्यावा लागतो. शिवाय नुकतीच ठासणी झालेली खडी काही काळ सैल असते. ती स्थिरावेपर्यंत गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो, अथवा स्थिरीकरणाचे दुसरे यंत्र मागोमाग चालवावे लागते. एखाद्या दुपारी आपली गाडी आडरानात रेंगाळली, तर तिला लागलेला तो उशीर कदाचित आपल्याच सुरक्षिततेचे मोल असेल.

आणि माणूस? तो अद्याप रुळांवर आहेच. खांद्यावर हातोडा घेऊन कीमन आजही आपल्या टापूत पायी फिरतो, निसटलेली चावी ठोकून बसवितो, तडा गेलेला रूळ हेरतो. चालू मार्गावर, मागून येणाऱ्या गाडीचे भान ठेवून त्याला हे करावे लागते. यंत्रे वाढली तशी त्याच्या जिवाची काळजीही वाढली पाहिजे. वेळेवर इशारा देणारी साधने आणि पुरेसा ब्लॉक, हे त्याचे मागणे यंत्रखरेदीइतकेच निकडीचे आहे.

अनुवादक या नात्याने शेवटी एक सांगतो. ‘टॅम्पिंग’ या शब्दासाठी मी कोश धुंडाळले. टोळीतली माणसे त्याला ‘पॅकिंग’ म्हणतात, खडीला इकडे ‘गिट्टी’ म्हणतात. मी ‘ठासणी’ हा शब्द घेतला, कारण बंदुकीत दारू ठासणारा मराठी माणूस त्या क्रियेतला जोर जाणतो. पुस्तकात यंत्राची माहिती वाचताना या शब्दामागे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने खडी ठोकली, त्यांची आठवण आपणांस व्हावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.