निकाल गावापर्यंत पोचायला हवा

शहापूर-मुरबाडच्या गावांतून, पाड्यांतून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मुरबाड तालुक्यात काळू नदीवरच्या धरणाचे काम वनजमिनीसाठी लागणाऱ्या मंजुरीआधीच सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवले. ज्यांचे शेत आणि जंगल बुडणार होते, त्यांच्यासाठी त्या आदेशातला शब्दन्‌शब्द मोलाचा होता. ज्याच्या आयुष्याचा निवाडा होतो, त्याला तो फुकट आणि आपल्या भाषेत वाचता यावा, एवढेच मला आज मांडायचे आहे.

कायदा याच्या आड येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सांगते की, न्यायालयाने मनाई केली नसेल तर निकाल कोणीही छापू शकतो. ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रकाशकाला मूळ निकालावर हक्क सांगता येत नाही. स्वतः घातलेल्या संपादकीय भरीपुरताच तो मिळतो. लगेच २००८ मध्ये सुशांत सिन्हा यांनी निकाल मोफत शोधून देणारे ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ सुरू केले. सर्वोच्च न्यायालयाचा अधिकृत निकालसंग्रह मात्र ‘ई-एससीआर’ या नावाने सर्वांना मोफत मिळाला तो २ जानेवारी २०२३ रोजी.

आता पैशाकडे पाहू. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने न्यायालयांचे कामकाज संगणकावर आणणाऱ्या ई-कोर्ट्‌सच्या तिसऱ्या टप्प्याला चार वर्षांसाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातले सुमारे २,०३८ कोटी जुनी दप्तरे स्कॅन करून जपण्यासाठी आहेत. पक्षकाराला मदत करणाऱ्या ४,४०० ई-सेवा केंद्रांना मिळून सुमारे ३९४ कोटी. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला नऊ लाखांच्या आतबाहेर. दप्तर जपायला जेवढे दिले, त्याचा पाचवा हिस्साही माणसाला मदत करायला नाही. दप्तर जपलेच पाहिजे. पण ते वाचून दाखवणारा माणूस नेमायलाही पैसा लागतो.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. तालुका न्यायालयाची भाषा १९९८ पासून मराठी आहे. अपील मुंबईला गेले की राज्यघटनेच्या कलम ३४८ मुळे कामकाज इंग्रजीत चालते. निवडक निकालांचे मराठी अनुवाद आता संकेतस्थळांवर येऊ लागले आहेत. त्यात वनहक्क, कूळकायदा, भूसंपादन आणि पुनर्वसन यांचे निकाल आधी यावेत. अत्याचारपीडित आणि बालके यांची ओळख मात्र झाकलेलीच राहिली पाहिजे. खुलेपणाची ती मर्यादा योग्य आहे.

निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशांचा पगार आपल्या करातून जातो, तेव्हा निकाल वाचण्याचा हक्कही आपलाच आहे. म्हणून माझी विनंती आहे. ज्यावरून निकाल शोधता येतो तो आपल्या खटल्याचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक वकिलांकडून मागून घ्या आणि घरात लिहून ठेवा. येत्या ग्रामसभेत ठराव करा: शहापूर आणि मुरबाड न्यायालयांत निकाल काढून मराठीत समजावून सांगणारा माणूस कायम असावा आणि त्याचा खर्च शासनाने उचलावा. ठरावाची प्रत जिल्हा न्यायालयाला आणि आपल्या आमदारांना पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.