जुनी मोटार घेताना



मोटारीवर चार शब्द बोला, असे वर्गाच्या बाईंनी मला सांगितले. माझी तीस वर्षे गॅरेजात गेली. हात अजून काळेच आहेत. बोलण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्या.

कोरी गाडी सगळ्यांना परवडत नाही. जुनी घ्यावी लागते. त्यात कमीपणा काही नाही. पण जुनी गाडी म्हणजे बाजारातला बैल. दात पाहिल्याशिवाय दावे हातात घेऊ नये.

गाडी पाहायला दिवसा जा. रात्री दिव्याखाली सगळ्याच गाड्या चकचकीत दिसतात. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले, तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवले होते. का? थंड इंजिन आपल्या खोड्या दाखवते, म्हणून. अशा वेळी चहा घ्या, गप्पा मारा, इंजिन निवू द्या. मग चालू करायला सांगा आणि मागे उभे राहून धूर पाहा. निळा धूर आला, तर इंजिन ऑइल खाते आहे. ते काम मोठ्या खर्चाचे. ऑइलचे झाकणही उघडून बघा. आत दुधाच्या चहासारखा रंग दिसला, तर ऑइलात बहुधा पाणी शिरले आहे. ती गाडी सोडा.

पुरात बुडालेली गाडीही ओळखता आली पाहिजे. २६ जुलै २००५ ला मुंबईत पाणी भरले. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ ला चिपळुणात. किती गाड्या पाण्याखाली गेल्या! अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विकायला येतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. धुणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही, गाळाचा डाग राहतो. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आहेत का, तेही बघा.

हे सगळे मला येते. तरीही मी फसलो. खरे तर तेच सांगायला आलो आहे.

चार वर्षांमागे माझ्या धाकट्या मेव्हण्याला गाडी घ्यायची होती. मला म्हणाला, "दाजी, तुम्ही बरोबर चला. तुम्ही हो म्हणालात की मी पैसे मोजतो." इंजिन खणखणीत होते. धूर स्वच्छ. मी हो म्हणालो. त्याने कांद्याचे आलेले १ लाख ६० हजार रुपये मोजले. मालकाने स्टॅम्पपेपरवर लिहून दिले आणि आर. सी. कार्ड दिले. मी ते पाहिलेसुद्धा नाही. "नीट ठेव," म्हणालो.

चौथ्या महिन्यात बाजार समितीच्या फाटकात दोघे जण आले. गाडीवर कर्ज होते, हप्ते थकले होते. ते गाडी घेऊन गेले. जुन्या मालकाचा फोन लागेना. घरी आल्यावर मी ते कार्ड पहिल्यांदा वाचले. कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव त्यावर छापलेले होते. एवढीशी ओळ. मला वाचता येत होते हो! मेव्हणा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

सातबाऱ्यावर बोजा असतो ना, तसाच गाडीवर असतो. नाव दिसले की मालकाला सांगा, "आधी बोजा उतरवून आण." त्याला कंपनीचा ना-हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. गाडी आपल्या नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. ३० दिवसांच्या आत आर. टी. ओ. कचेरीत अर्ज द्यावा. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवावे, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. परराज्यातली गाडी असेल, तर तिथल्या कचेरीचा ना-हरकत दाखलाही मागा.

विकणाऱ्यानेही झोपू नये. गाडी दिली पण कागदावर नाव तसेच राहिले, आणि पुढे अपघात झाला, तर भरपाई कागदावरच्या मालकाच्याच गळ्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका निकालात तसे सांगितले आहे.

आता माझ्या गाडीचे कार्ड वर्गात फिरवतो. गाडी बाहेर झाडाखाली आहे, बॉनेट उघडे आहे. कार्डावर चासी नंबर आहे, तोच गाडीच्या लोखंडावर ठोकलेला आहे. हल्लीच्या मोटारींचा हा नंबर १७ घरांचा असतो, त्यात इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिसळलेले. इंग्रजी अजून येत नसेल, तर रांगोळीचे ठिपके जुळवता तसे एकेक चिन्ह जुळवा. इंग्रजी ओ त्यात कधी नसतो. गोल दिसले की शून्य लिहा. खोडल्याची, घासल्याची खूण दिसते का, तेही सांगा. चला, वह्या घेऊन बाहेर या.