आईच्या लुगड्याकडे बघा

वाशी, नेरूळ, ऐरोली, पनवेल, तुम्ही कुठेही राहत असा, तुमच्यातल्या कितीतरी जणांचं गाव दापोली-खेडकडे असणार. त्याच दापोली तालुक्यातल्या पालगडचं एक घर आज आपण पडद्यावर बघणार आहोत. साने गुरुजींचं घर. 'श्यामची आई' हे पुस्तक गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं.

हा चित्रपट लावला की घरात रुमाल शोधायला सुरुवात होते. रडा की, खुशाल रडा! पण एकदा तरी डोळे कोरडे ठेवून आईच्या लुगड्यावर नजर ठेवा. श्यामची आंघोळ आठवते ना? अंग पुसून झालंय, आता ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून पोराचा हट्ट चाललाय, लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसर म्हणून. आई पसरतेही. मग पायांना जपतोस तसं मनालाही जप, हे ती सांगते. आपल्याला आठवतो तो तिचा उपदेश. पण आधी दिसतं काय? कामाच्या रगाड्यातली एक बाई, तिच्या अंगावरचं लुगडं आणि त्यावर उभं राहिलेलं मूल. दिग्दर्शकाने हे डोळ्यांना आधी दाखवलंय, म्हणून पुढचे शब्द जड होत नाहीत. द्रौपदीने कृष्णाच्या बोटासाठी वस्त्र फाडल्याचं गाणं याच चित्रपटात आहे. वसंत देसाईंचं संगीत, आशाबाईंचा आवाज. गाण्यात भरजरी वस्त्र, घरात विटकं लुगडं. हे दोन्ही शेजारी ठेवून बघितलंत, की श्यामच्या घरावरच्या सावकाराच्या कर्जाची गोष्ट कुणी वेगळी समजावून सांगायला नको.

आई झालेल्या वनमालाबाईंचं कौतुक इथे करायलाच हवं. सोहराब मोदींच्या १९४१ च्या 'सिकंदर'मध्ये त्या देखण्या रुखसाना होत्या. इथे त्यांनी ते सगळं देखणेपण बाजूला ठेवलंय. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ही आई शिंपटीने फोडून काढते. ते बघताना तिचा राग येतो, आणि तो यायलाच हवा. ही आई मखरातली नाही म्हणूनच ती पटते. श्याम झालेल्या छोट्या माधव वझेंनीही कुठे गोड दिसायचा प्रयत्न केलेला नाही. अत्रे तर महाराष्ट्राला पोट धरून हसवणारे. पण इथे त्यांनी आपली जीभ चांगलीच आवरलीय!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गुरुजी गेले ११ जून १९५० ला. त्यांच्या जाण्याला तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा हा चित्रपट आला. थिएटरात बसलेल्या माणसांना त्या श्यामचा, म्हणजे खुद्द गुरुजींचा, शेवट ठाऊक होता. आईसाठी रडताना ती माणसं गुरुजींसाठीही रडत असतील. शिवाय चूल, विहीर, लुगडं हे त्यांच्या रोजच्या घरातलंच होतं. आपल्यासाठी तो जुना काळ झालाय.

म्हणूनच सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये हीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली तेव्हा त्यांचं काम जास्त अवघड होतं. रंग हाताशी असून त्यांनी चित्रपट कृष्णधवल ठेवला. ओम भुतकर त्यात साने गुरुजी झालेत. मला स्वतःला जुनाच जवळचा वाटतो, पण दोन्ही पाहा. बघताना एवढंच तपासा, की घरातली भांडीकुंडी नुसती मांडून ठेवलीत की कुणी खरोखर वापरतंय.

आणि गणपतीला गावी निघालात की रायगडात माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे वाट वाकडी करून जा. त्याआधी मुलांना शेजारी बसवून चित्रपट दाखवा. फक्त कुठे रडायचं, ते त्यांना आधी सांगू नका.